जुन्या घराचं काय करायचं? बर्कली शहराची पन्नास वर्षांची खटपट

आजच्या भागाची सुरुवात एका फ्यूज उडालेल्या रात्रीने करतो.

डिसेंबरचा महिना. मी तेव्हा कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहरात भाड्याने राहत होतो. एका जुन्या लाकडी घराच्या मागच्या भागात दोन खोल्या, पुढच्या भागात घरमालकीणबाई. त्या निवृत्त शिक्षिका, एकट्या राहायच्या. पुण्याहून आई आली होती आणि नेमका त्याच आठवड्यात भिंतीतला गॅसचा हीटर बंद पडला. बर्कलीत बर्फ पडत नाही, पण त्या घरात रात्री अशी थंडी वाजायची की आई स्वेटरवर शाल आणि शालीवर गोधडी घेऊन बसायची. मी दुकानातून १५०० वॉटचा विजेचा हीटर आणला, चालू केला. आई म्हणाली, "आता बरं वाटतंय रे, थांब, चहा टाकते." तिने माझी इंडक्शनची शेगडी लावली आणि खट्! सगळीकडे अंधार.

गणित सोपं होतं. अमेरिकेत साधा प्लग १२० व्होल्टचा. १५०० वॉटचा हीटर म्हणजे साडेबारा अँपिअर. १८०० वॉटची शेगडी म्हणजे १५ अँपिअर. दोन्ही मिळून साडेसत्तावीस. आणि त्या जुन्या घरात स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली एकाच सर्किटवर. इंजिनिअर असून हे मला आधी सुचलं नाही, ते आईला चहा न मिळाल्यावर सुचलं.

दुसऱ्या दिवशी घरमालकीणबाई म्हणाल्या, "हे शहर मला सांगतं, गॅस सोड, विजेवर ये. माझं घर ऐकेल का ते?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. म्हणून मी वाचायला लागलो आणि लक्षात आलं की बर्कली हे शहर या एका प्रश्नाशी जवळपास पन्नास वर्षं झुंजतंय. नवीन घर चांगलं बांधणं सोपं आहे. माणसं आधीच राहतायत त्या घराचं काय करायचं? आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर नवीन घर म्हणजे कोरा प्रोजेक्ट आणि जुनं घर म्हणजे लेगसी कोड. चालू असताना दुरुस्त करायचा, आणि बंद पडला तर आई थंडीत कुडकुडणार.

दिवे विझवणारा शास्त्रज्ञ

गोष्ट सुरू होते १९७३ मध्ये. ऑक्टोबरात अरब देशांनी अमेरिकेला तेल द्यायचं थांबवलं. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. बर्कलीत तेव्हा आर्थर रोझेनफेल्ड नावाचे एक भौतिकशास्त्रज्ञ होते. एनरिको फर्मी यांचे विद्यार्थी, मूलकणांवर काम करणारे. नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी रात्री ते ऑफिसातून निघाले. सोमवारपर्यंत हे दिवे असेच जळत राहिले तर किती इंधन जाईल, याचा त्यांनी हिशोब केला आणि म्हणाले, चला, आपल्या मजल्यावरचे दिवे तरी बंद करू.

पण बटणं सापडेनात! कुठे कपाटामागे, कुठे पुस्तकांच्या मांडणीमागे, कुठे पोस्टरखाली. ती शोधण्यातच वीसेक मिनिटं गेली. म्हणजे दिवे बंद करणं हा विचारच तोवर कुणी केला नव्हता.

यानंतर रोझेनफेल्ड यांनी मूलकण सोडले आणि उरलेलं आयुष्य ऊर्जेच्या बचतीला दिलं. त्यांच्या लोकांनी इमारतीत ऊर्जा नेमकी कुठे गळते हे मोजायच्या पद्धती तयार केल्या. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाने इमारतींसाठी ऊर्जा बचतीचे नियम लागू केले. त्याच काळापासून राज्यातला माणशी वीजवापर पुढे अनेक वर्षं जवळपास सपाट राहिला, बाकी अमेरिकेत तो वाढत असताना.

पण हे नियम मुख्यतः नव्या बांधकामाला. आणि बर्कलीतल्या घरांचा मोठा हिस्सा दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीचा. लाकडी भिंती, आत पोकळी, छताखाली काही नाही. गॅस जाळून घर गरम करायचं आणि ती गरमी फटींतून रस्त्यावर सोडायची.

पहिला प्रयत्न : घर विकताय? मग आधी हे करा

इथे नगरपालिकेने डोकं लावलं. लोकांना रोज उठून "घर सुधारा" सांगून कोण ऐकणार? पण घर विकलं जातं तेव्हा मोठी रक्कम हातात येते, कागदपत्रं शहराकडे येतात, घर रिकामं असतं. तीच वेळ पकडायची. शेजारच्या सॅन फ्रान्सिस्कोने १९८२ मध्ये असा नियम आणला होता. बर्कलीत तो १९८७ पासून लागू झाला. घर विकताना किंवा मोठं नूतनीकरण करताना ठराविक कामं करायचीच : छताखाली उष्णता अडवणारा थर, दारांच्या फटी बंद करणं, गरम पाण्याच्या टाकीला आणि पाइपांना वेष्टण, कमी पाणी सोडणारा शॉवर, शेकोटीच्या धुराड्याला झाकण.

मला यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे खर्चाची मर्यादा. एक किंवा दोन कुटुंबांच्या घराला विक्री किमतीच्या पाऊण टक्क्यापेक्षा जास्त खर्च करायची सक्ती नव्हती. दहा लाख डॉलरचं घर असेल तर साडेसात हजार डॉलर. मालकाला आधीच माहीत, कमाल किती जाणार. नियमाला टोपण होतं, म्हणून तो तीसेक वर्षं टिकला असं मला वाटतं.

पण मर्यादा होती तशी कमतरताही होती. यादी ठरलेली. एखाद्या घराचा खरा आजार यादीबाहेरचा असेल तर? शॉवर बदलला, शिक्का मिळाला, विषय संपला. मग २०१५ मध्ये शहराने हा नियम बदलला. नव्या नियमाने ठरलेल्या कामांऐवजी तपासणी आणली. घर विकताना तज्ज्ञाकडून ऊर्जेची तपासणी करून घ्यायची आणि अहवाल खरेदीदाराला द्यायचा. म्हणजे डॉक्टरने औषध देण्याऐवजी रिपोर्ट हातात दिला. रिपोर्ट चांगला की औषध? दोन्ही लागतात. आणि औषधाला पैसे लागतात.

दुसरा प्रयत्न : घरपट्टीतून हप्ता

पैशांवरचा उपायही बर्कलीतच निघाला. २००६ मध्ये शहराच्या मतदारांनी ८१ टक्के मतांनी ठराव केला की २०५० पर्यंत शहराचं हवामान-प्रदूषण ८० टक्क्यांनी कमी करायचं. आता करायचं कसं? महापौर टॉम बेट्स यांच्या कार्यालयातले सिस्को डेव्रिस यांनी एक युक्ती काढली. सोलर पॅनेलचे पैसे शहराने आधी द्यायचे, आणि मालकाने ते वीस वर्षं घरपट्टीबरोबर थोडे थोडे फेडायचे. कर्ज माणसावर नाही, घरावर. घर विकलं तर उरलेले हप्ते नवा मालक भरणार, कारण पॅनेलची वीजही तोच वापरणार.

किती साधी गोष्ट! आपल्याकडे घरपट्टीचं बिल आलं की कपाळाला आठ्या पडतात. इथे त्याच बिलातून छतावर सोलर येत होतं.

नोव्हेंबर २००८ मध्ये प्रायोगिक योजना उघडली. ४० जागा होत्या. नऊ मिनिटांत भरल्या. आयआरसीटीसीवर तत्काळचं तिकीट काढावं तसं. पण शेवटी योजनेतून पूर्ण झालेली कामं किती? तेरा. व्याज पावणेआठ टक्के होतं, काहींना बँकेकडून स्वस्त कर्ज मिळालं, काहींनी विचार बदलला.

तरी कल्पना देशभर पसरली, अनेक राज्यांनी तसे कायदे केले. मग जुलै २०१० मध्ये गृहकर्जांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने हरकत घेतली. मालकाचा हप्ता थकला आणि घर लिलावात गेलं तर घरपट्टी आधी वसूल होते, बँक नंतर. म्हणजे सोलरचं कर्ज गृहकर्जाच्या पुढे रांगेत उभं राहणार. बँकांना ते परवडणारं नव्हतं. घरांसाठीच्या बहुतेक योजना तिथेच अडकल्या.

शहराला छतापर्यंत पोचायचं होतं, पण मध्ये बँक उभी होती.

तिसरा प्रयत्न : गॅसची पाइपच नको

आता येतो तो भाग, ज्याने बर्कली जगभरच्या बातम्यांत आलं. तोवर कॅलिफोर्नियाची वीज बरीच स्वच्छ होत चालली होती, सूर्याची, वाऱ्याची, पाण्याची. त्यामुळे प्रश्न बदलला. आधी प्रश्न होता, गॅस कमी कसा जाळायचा? आता प्रश्न झाला, गॅस जाळायचाच कशाला?

याचं कारण हीट पंप. नाव जड आहे, पण वस्तू तुमच्या ओळखीची. तुमचा एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. तोच उलटा चालवला की बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून आत आणतो. तो उष्णता तयार करत नाही, फक्त हमाली करतो. म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता मिळू शकते. माझा १५०० वॉटचा हीटर एका युनिटात फक्त एकच देत होता.

जुलै २०१९ मध्ये बर्कलीच्या नगर परिषदेने नगरसेविका केट हॅरिसन यांचा ठराव एकमताने मंजूर केला : नव्या इमारतींना गॅसची पाइप नाही. अमेरिकेत असं करणारं हे पहिलं शहर. १ जानेवारी २०२० पासून नियम लागू. पाठोपाठ अनेक शहरांनी असेच नियम केले.

आणि भांडण पेटलं ते स्वयंपाकघरातून. कॅलिफोर्नियाच्या रेस्टॉरंट संघटनेने नोव्हेंबर २०१९ मध्ये कोर्टात धाव घेतली. त्यांचं म्हणणं, ज्योतीशिवाय काही पदार्थ होतच नाहीत. इथे मला हसू आलं, कारण हाच खटला माझ्या घरी आईने चालवला होता. "भाकरी तव्यावर अर्धी होते रे, बाकी अर्धी जाळावर. आणि भरिताचं वांगं काय इंडक्शनवर ठेवून बघत बसू?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही वांगं ओव्हनमध्ये भाजलं. आई म्हणाली, "उकडलंय, भाजलं नाही."

पण खरं सांगायचं तर घरातला बहुतेक गॅस शेगडी जाळत नाही, हीटर आणि गीझर जाळतात. वाद मात्र कायम शेगडीवर होतो, कारण हीटरवर कुणाचं प्रेम नसतं. आजीच्या बंबासारखा अपवाद सोडला तर!

खालच्या कोर्टात २०२१ मध्ये शहर जिंकलं. १७ एप्रिल २०२३ रोजी वरच्या फेडरल कोर्टाने निकाल उलटवला. आणि कशाच्या आधारावर माहितीये? १९७५ च्या ऊर्जा बचतीच्या केंद्रीय कायद्याच्या. हा कायदा कुठून आला? १९७३ च्या त्याच तेलसंकटातून, ज्याने रोझेनफेल्ड यांना दिव्यांची बटणं शोधायला लावली. त्यात तरतूद अशी की उपकरणांच्या ऊर्जावापराचे नियम केंद्र करेल, शहरांनी आपापले वेगळे करायचे नाहीत. तुम्ही पाइपच दिली नाही तर गॅसच्या उपकरणाचा वापर शून्य होतो, म्हणजे तुम्ही उपकरणावरच नियम केला, असं कोर्टाने म्हटलं. एकाच संकटाची दोन मुलं पन्नास वर्षांनी कोर्टात समोरासमोर आली. मार्च २०२४ मध्ये बर्कलीने नियम मागे घ्यायचं मान्य केलं.

आणि जुनी घरं?

आता गंमत बघा. एवढा गाजलेला नियम होता फक्त नव्या इमारतींसाठी. माझ्या घरमालकीणबाईंच्या घराला तो कधी लागूच नव्हता! बातम्या नव्या घरांच्या, गॅस जळत होता जुन्या घरांत.

शहराला हे कळत होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये बर्कलीने जुन्या इमारतींसाठी वेगळा आराखडा मंजूर केला : २०४५ पर्यंत त्या गॅसवरून विजेवर आणायच्या. मला हा दस्तऐवज प्रामाणिक वाटला, कारण त्यात अडचणी लपवलेल्या नाहीत. पहिली अडचण म्हणजे सुरुवातीचा खर्च. दुसरी, जुन्या घरातल्या मुख्य वीजपेटीची आणि वायरिंगची ताकद. तिसरी सगळ्यात अवघड, भाडेकरू. बर्कलीत निम्म्याहून जास्त लोक भाड्याने राहतात. हीट पंपाचे पैसे मालक घालणार, बिल भाडेकरूचं कमी होणार, मग मालक कशाला घालेल? आणि घातले तर ते भाड्यातून वसूल करणार नाही कशावरून? किंवा दुरुस्तीच्या नावाखाली भाडेकरूलाच बाहेर काढलं तर? म्हणून भाडेकरूंचं संरक्षण आधी, सक्ती नंतर, असा त्या आराखड्याचा सूर आहे.

पैशांचं काय? ऑगस्ट २०२२ च्या केंद्रीय कायद्याने हीट पंपावर खर्चाच्या ३० टक्के, कमाल २,००० डॉलर, अशी करसवलत दिली. २०२५ मध्ये नवा कायदा आला आणि ती ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये बर्कलीतल्याच मतदारांसमोर प्रस्ताव होता : १५,००० चौरस फुटांपेक्षा मोठ्या इमारतींच्या गॅसवर कर लावायचा आणि त्या पैशातून लोकांना विजेवर यायला मदत करायची. २००६ मध्ये ८१ टक्के "हो" म्हणणाऱ्या या शहराने तो मोठ्या फरकाने फेटाळला. ध्येयाला मत देणं आणि बिलाला मत देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

त्या हीटरचं पुढे काय झालं

घरमालकीणबाईंनी खरंच प्रयत्न केला. त्यांनी हीट पंपाचं कोटेशन मागवलं. माणूस आला, वीजपेटी उघडून बघितली आणि मान हलवली. पेटी बदलावी लागेल, वायरिंगचा काही भाग बदलावा लागेल, बाहेरून येणारी वीज वाढवून घ्यावी लागेल, परवानगी लागेल. यात काही महिने जातील.

त्या माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "हा खर्च मी एकटीने सोसायचा की तुझ्या भाड्यात घालायचा? खरं सांग." मी गप्प बसलो. बर्कलीच्या हवामान धोरणाचं कौतुक करणारा मी, स्वतःच्या भाड्याचा विषय निघाल्यावर मला तोंड उघडता आलं नाही. आणि आत आई तीन कपडे घालून बसली होती.

दोन दिवसांनी भिंतीत नवाकोरा गॅसचा हीटर बसला. अर्ध्या दिवसाचं काम. आईला ऊब मिळाली, मलाही हायसं वाटलं. आणि आता तो हीटर तिथे वीसेक वर्षं राहील. मी त्या घरातून निघालो, त्या बाई कदाचित घर विकतील, हीटर मात्र तिथेच.

या सगळ्या इतिहासातून मला कळलेली गोष्ट हीच. जुनं घर बदलण्याची संधी फार क्वचित येते : घर विकताना किंवा यंत्र बंद पडताना. १९८० च्या दशकातल्या बर्कलीने विक्रीची वेळ ओळखली होती. बंद पडण्याची वेळ कुणाला सांगून येत नाही, आणि त्या दिवशी माणूस धोरण बघत नाही, उद्या सकाळी काय बसेल ते बघतो. म्हणून तयारी आधी व्हायला हवी. हीटर चालू असतानाच वायरिंग, पेटी, कागदपत्रं. सॅन फ्रान्सिस्को परिसराच्या हवा नियंत्रण मंडळाने मार्च २०२३ मध्ये जे नियम केले, ते याच क्षणाला हात घालतात : प्रदूषण करणारा जुना गीझर किंवा हीटर चालू आहे तोवर राहू दे, बदलायची वेळ आली की नवा मात्र स्वच्छ. त्याच्या मुदती पुढच्या आहेत. दरम्यान १२० व्होल्टच्या साध्या प्लगवर चालणारे हीट पंप गीझर बाजारात आले आहेत. घराला यंत्राप्रमाणे बदलण्यापेक्षा यंत्रच घराप्रमाणे बदलायचं. माझ्यातल्या इंजिनिअरला हे पटतं.

आपलं काय?

मी आता पुण्यात आहे. इथे उलटा प्रवास चाललाय, सिलेंडर जाऊन पाइपचा गॅस येतोय. आपल्याला घर गरम करायचं नाही, थंड करायचं आहे. त्यामुळे बर्कलीची नक्कल करून उपयोग नाही. पण एक धागा जुळतो. पुणे महापालिका सोलर, गांडूळ खत, पावसाचं पाणी साठवणं यांपैकी एक करणाऱ्या घराला मिळकतकरात ५ टक्के आणि दोन किंवा जास्त करणाऱ्याला १० टक्के सवलत देते. म्हणजे घरपट्टीच्या बिलातून जुन्या घरापर्यंत पोचायची वाट आपल्याकडेही आहे.

तुम्हाला आज एकच काम सांगतो. घरच्या वीजबिलावर "मंजूर भार" असं लिहिलेलं असतं, तो आकडा बघा. मग घरातल्या एसी, गीझर, इंडक्शनच्या वॉटची बेरीज करा. सगळं एकदम कधी चालत नाही, ठीक आहे. पण या उन्हाळ्यात दुसरा एसी घ्यायच्या आधी, बाबांच्या काळातली वायरिंग एकदा कुणाला तरी दाखवा. बंद पडल्यावर नाही. चालू असताना.

आईने परवा विचारलं, "त्या बाई बऱ्या आहेत का रे?" मी मेसेज केला. त्यांचं उत्तर आलं : बरी आहे, हीटर मस्त चालतोय, आणि वीजपेटी बदलून घ्यायला इलेक्ट्रिशियन सांगितलाय, गीझर अजून चालू आहे तोवर.

चला, भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.